क्लचमधले चमचाभर तेल

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण म्हणतील, की हा विषय गॅरेजात बोलायचा, नभोवाणीवर कशाला? त्यांना माझे उत्तर एका प्रसंगाने द्यावेसे वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या एका लग्नाचे वऱ्हाड पुण्याहून महाडला गेले होते. ठरवलेली लहान बस होती. दुसऱ्या रात्री ड्रायव्हर मला म्हणाला, "काका, क्लचचं पेडल जरा खाली जातंय. तेल कमी झालंय, टाकून घेतो." त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून इंजिनचे तेल आणले आणि क्लचच्या डबीत ओतले. पेडल झकास झाले. तिसऱ्या दिवशी नवरी मुलीला घेऊन आम्ही वरंधा घाट चढू लागलो. अर्ध्या घाटात इंजिन मोठ्याने ओरडू लागले, पण गाडी काही ओढीना. जळक्या दोरखंडासारखा वास सुटला. गाडी थांबली, आणि हँडब्रेक ओढायच्या आत हातभर मागे सरली. मागे दरी होती. बायकामुलांना खाली उतरवून आम्ही चाकांखाली दगड लावले. नवरी मुलीने शालू खोचून दोन दगड स्वतः आणले, हे मी विसरलेलो नाही.

पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. गाडी का अडली हे समजायचे असेल, तर आपल्याला जरा मागे, चांगले साडेतीनशे वर्षे मागे जावे लागेल.

प्रथम क्लच म्हणजे काय ते पाहू. मोटारीचे इंजिन एकदा सुरू झाले की ते फिरतच राहते. चाके मात्र कधी फिरतात, कधी थांबतात. फिरणारे आणि थांबलेले ह्यांची गाठ एकदम घालून दिली, तर एक तर इंजिन बंद पडेल, नाही तर दाते तुटतील. म्हणून दोघांमध्ये एक मध्यस्थ लागतो. इंजिनाच्या टोकाला जड फ्लायव्हील असते. तिच्याशेजारी, गिअरबॉक्सच्या दांड्यावर, दोन्ही बाजूंनी अस्तर लावलेली एक चकती असते. तिला आपण क्लचप्लेट म्हणतो. ह्या चकतीला प्रेशरप्लेट आपल्या जोरकस स्प्रिंगने फ्लायव्हीलवर दाबून धरते. तिघी एकत्र फिरतात आणि इंजिनाचा जोर चाकांकडे जातो. पेडल दाबले की स्प्रिंगचा जोर मागे ओढला जातो, चकती मोकळी होते, आणि गिअर बदलता येतो. पेडल हळूहळू सोडले की चकती थोडी घसरत, थोडी धरत, अखेर घट्ट चिकटते. गाडी धक्का न देता निघते ती ह्या घसरण्याच्या क्षणामुळे.

मोटारीच्या बाल्यावस्थेत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, पुष्कळ गाड्यांत चकतीऐवजी शंकूच्या आकाराचा क्लच असे. त्या शंकूवर कातडे चढवलेले असे. कातडे वाळले की क्लच झटका देई. मग त्याला तेल चोळायचे. तेल जास्त झाले की तो घसरे. मग वरून मुलतानी माती टाकायची! त्या काळच्या शोफरला निम्मे यंत्रज्ञान आणि निम्मे चर्मकाराचे ज्ञान लागत असे. पुढे कातड्याच्या जागी विशेष अस्तरे आली. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड ह्यांनी १८९७ च्या सुमारास घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी असे घर्षणाचे ठोकळे करण्यास आरंभ केला, आणि 'फेरोडो' हे नाव त्यातूनच पुढे आले.

पण अस्तर कितीही चांगले झाले, तरी एक प्रश्न राहिलाच. स्प्रिंग जोरकस हवी, नाही तर क्लच घसरेल. आणि स्प्रिंग जोरकस असेल, तर ती मागे ओढायला ड्रायव्हरच्या पायात तेवढा जोर कुठून यायचा? शहरातल्या रहदारीत दिवसाला शेकडो वेळा पेडल दाबावे लागते. पूर्वी हे काम लोखंडी दांडे आणि तारा करीत. दांड्यांच्या पिना झिजत, तारा ताणत, गंजत आणि ऐन वेळी तुटत. शिवाय इंजिन रबरावर बसवल्यामुळे ते हलते. त्याबरोबर दांडेही हलतात आणि क्लच थरथरतो. ज्या बसचे इंजिन मागे आणि ड्रायव्हर पुढे, तिथे तर दांड्यांची लांबलचक वरात न्यावी लागे.

ह्या प्रश्नाचे उत्तर मोटार जन्मण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी एका फ्रेंच तरुणाने लिहून ठेवले होते. त्याचे नाव ब्लेझ पास्कल. जन्म १६२३, मृत्यू १६६२. उणेपुरे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, प्रसिद्ध झाला. त्यातला विचार असा : बंद भांड्यातल्या पाण्यावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. भांड्याला दोन तोंडे असली, एक लहान आणि दुसरे त्याच्या शंभरपट मोठे, तर लहान तोंडावरचा दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर माणसांना तोलून धरील.

आता कोणी म्हणेल, ही तर जादू झाली. एकाच्या जोरावर शंभरांचे काम! पण निसर्ग फुकट काही देत नाही. लहान दट्ट्या शंभर बोटे आत गेला, तर मोठा एकच बोट वर येतो. जोर वाढतो, पण अंतर तेवढेच घटते. हा व्यवहार लक्षात ठेवा. क्लचचे सारे दुखणे ह्याच हिशेबात आहे.

पास्कलचा विचार कागदावर राहिला, कारण दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. दाब वाढला की गळती वाढे. ती अडचण सुटायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला. इंग्लंडात जोसेफ ब्रामा नावाचा एक कारागीर होता. तो कुलपांसाठी प्रसिद्ध होता. १७९५ साली त्याने हायड्रॉलिक प्रेसचे, म्हणजे पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे, पेटंट घेतले. त्याच्याकडे हेन्री मॉड्स्ले नावाचा एक तरुण कामाला होता. गळती थांबवण्याची युक्ती ह्या मॉड्स्लेची, असे मानतात. त्याने दट्ट्याभोवती कातड्याची एक वाटीसारखी कडी बसवली. पाण्याचा दाब वाटीच्या आत शिरे आणि तिचे ओठ भिंतीवर दाबी. म्हणजे दाब जितका जास्त, तितकी वाटी घट्ट! जो शत्रू, त्यालाच पहाऱ्यावर बसवले. श्रोतेहो, आज आपल्या गाडीच्या क्लचमध्ये जी रबरी वाटी असते, ती ह्याच कातडी वाटीची वंशज आहे.

ह्या यंत्राचे सामर्थ्य केवढे, आणि त्यावर भरवसा किती ठेवावा, ह्या दोन्ही गोष्टींचा धडा १८४९ साली वेल्समध्ये मिळाला. रॉबर्ट स्टीफन्सन हे मेनाई सामुद्रधुनीवर ब्रिटानिया पूल बांधीत होते. सुमारे दीड हजार टनांच्या लोखंडी नळ्या ते हायड्रॉलिक प्रेसने उचलत होते. त्यांचा दंडक असा होता, की नळी जसजशी वर जाईल, तसतशी तिच्याखाली भर घालीत जायचे. ऑगस्ट महिन्यात प्रेसच्या सिलिंडरचा तळ फुटला. खाली भर होती म्हणून ती अजस्र नळी काही इंचच खाली आली. भर नसती तर काय झाले असते, ह्याची कल्पनाच करावी.

आपल्याकडे हे यंत्र आले ते कापसाच्या वाटेने. मुंबई बंदरातून रुई परदेशी जाई. जहाजात जागा थोडी, म्हणून रुई दाबून तिच्या कठीण गाठी बांधाव्या लागत. वऱ्हाड-खानदेशातल्या ज्या श्रोत्यांनी प्रेसिंग फॅक्टरीत रुईची गाठ बांधताना पाहिली असेल, त्यांनी पास्कलचा सिद्धांत डोळ्यांनी पाहिलेला आहे. क्लचमध्ये तोच सिद्धांत लहान रूपाने बसलेला असतो, इतकेच.

मोटारीत हा सिद्धांत प्रथम शिरला तो ब्रेकमधून. अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीड ह्यांना १९१७ साली हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट मिळाले. विमानाच्या कारखान्यामुळे हे नाव आपल्या परिचयाचे आहे. तो कारखाना माल्कम आणि त्यांचे बंधू ॲलन ह्यांच्या उद्योगातून निघाला. १९२१ साली ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हे ब्रेक आले. १९२४ साली क्रायस्लरने ते घेतले आणि गळणाऱ्या जुन्या वाट्यांच्या जागी रबराच्या वाट्या घातल्या. सुरुवातीच्या काळात ह्या नळ्यांत काय भरीत, ठाऊक आहे? एरंडेल आणि मद्यार्क ह्यांचे मिश्रण! एरंडेल रबराला इजा करीत नाही आणि वंगणही देते, म्हणून त्याची निवड झाली.

ब्रेकमध्ये जे साधले ते क्लचमध्ये का नको? दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत क्लचमध्येही झपाट्याने पसरली. १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या 'मिनी' ह्या चिमुकल्या मोटारीत इंजिन आडवे बसवले होते आणि तिच्या क्लचला हायड्रॉलिक व्यवस्था होती. नळी कशीही वळवा, दाब वाट चुकत नाही, हा मोठा फायदा.

इथे एक घोटाळा दूर करतो. 'हायड्रॉलिक क्लच' हे नाव आणखी एका यंत्राला देतात. जर्मन इंजिनिअर हेर्मान फ्योटिंगर ह्यांनी १९०५ साली जहाजांसाठी त्याचे पेटंट घेतले. त्यात पात्यांचे दोन वाडगे समोरासमोर असतात. एक वाडगा तेल भिरकावतो आणि त्या तेलाच्या लोंढ्याने दुसरा फिरू लागतो. १९३० साली इंग्लंडच्या डेमलर मोटारीत ते आले. तिथे तेल स्वतःच जोर वाहून नेते. आपण ज्याविषयी बोलत आहोत त्या क्लचमध्ये जोर चकतीच वाहते. तेल फक्त पायाचा निरोप पोहोचवते.

आता तो निरोप कसा जातो ते पाहू. पेडलाशी जोडलेला एक दट्ट्या मास्टर सिलिंडरमध्ये असतो. तिथून बारीक नळी गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरकडे जाते. स्लेव्हचा दट्ट्या एका फाट्याला ढकलतो, फाटा बेअरिंगला ढकलतो आणि बेअरिंग प्रेशरप्लेटच्या स्प्रिंगला दाबते.

साधे आकडे घेऊन हिशेब करू. समजा, पायाचा जोर १० किलो. पेडलाची तरफ त्याचे पाचपट करते. मास्टरवर ५० किलो आले. मास्टरच्या दट्ट्याचे तोंड २ चौरस सेंटिमीटर असेल, तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाब झाला. स्लेव्हचे तोंड ४ चौरस सेंटिमीटर; तिथे १०० किलो मिळाले. फाट्याने त्याचे दुप्पट केले. बेअरिंगवर २०० किलो. दहाचे दोनशे झाले! आता निसर्गाची वसुली पाहा. पेडल १२ सेंटिमीटर खाली गेले, तर मास्टरचा दट्ट्या २४ मिलिमीटर सरकतो, स्लेव्हचा १२ आणि बेअरिंग अवघे ६ मिलिमीटर. आणि ह्या सगळ्या उलाढालीत नळीतून किती तेल सरकले? पाच घन सेंटिमीटरांनाही थोडे कमीच. म्हणजे चहाचा एक चमचा!

श्रोतेहो, चाळीस माणसांची गाडी घाटात ह्या चमचाभर तेलाच्या भरवशावर चालते. त्यातले थेंब गळाले, किंवा तेलाच्या जागी हवा शिरली, तर काय होईल? तेल दबत नाही, हवा दबते. २५ किलोच्या दाबाखाली हवेचा बुडबुडा आपल्या पंचविसाव्या हिश्शाइतकाच उरतो. चमच्याचा पाचवा हिस्सा हवा आत असेल, तर पेडलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा प्रवास वाया जातो. मग बेअरिंग पुरते सरकत नाही, चकती सुटत नाही, आणि गिअर घालताना, विशेषतः मागचा गिअर घालताना, दाते कुरकुरतात. पेडल स्पंजासारखे लागते. दोनचार वेळा भराभर दाबले की ते वर येते, हीदेखील हवेची खूण.

आता निगा कशी राखावी ते सांगतो.

पहिली गोष्ट तेलाच्या पातळीची. ब्रेकचे अस्तर झिजले की ब्रेकच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते; तो काही दोष नव्हे. क्लचचे उलट आहे. क्लचप्लेट झिजली की प्रेशरप्लेटच्या स्प्रिंगची आतली टोके बेअरिंगला मागे सारतात, स्लेव्हचा दट्ट्या आत जातो आणि तेल डबीत परत येते. म्हणून क्लचची डबी स्वतंत्र असेल आणि तिची पातळी उतरत असेल, तर ती गळतीच समजावी. नुसते तेल ओतून समाधान मानू नये. पेडलाजवळ मास्टरच्या मागे ओल आहे का, आणि खाली स्लेव्हच्या रबरी टोपणात ओल आहे का, हे बोट लावून पाहावे. काही नव्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, दांड्याभोवतीच बसवलेला असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो; म्हणून क्लचप्लेट बदलताना तोही बदललेला बरा.

दुसरी गोष्ट, तेल कोणते? डबीच्या झाकणावर लिहिलेले असेल तेच. आज बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ जातीचे तेल असते. हे खनिज तेल नव्हे. त्यात इंजिनचे तेल, डिझेल किंवा रॉकेल गेले, तर त्यासाठी केलेले रबर फुगते. वाट्या धुवायच्या त्या त्याच तेलाने किंवा स्पिरिटने, पेट्रोलने नव्हे. काही थोड्या वाहनांत मात्र खनिज तेलाचीच योजना असते. तिथे डॉटचे तेल चालणार नाही.

तिसरी गोष्ट, हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात तर पाहायलाच नको. डॉट ४ तेल कोरडे असताना २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. पाण्याने सिलिंडर आतून गंजतो, आणि गंजाची कुसळे वाटीचे ओठ कापतात. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा कारखान्याने सांगितले असेल तेव्हा, तेल बदलावे. उघडी राहिलेली बाटली वापरू नये.

चौथी गोष्ट हवा काढण्याची. गॅरेजात तिला 'एअर काढणे' म्हणतात. दोन माणसे हवीत. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडावा, बुडबुडे जाऊ द्यावेत आणि निपल बंद करावा. मगच पेडल सोडावे. निपल उघडा असताना पेडल सोडले, तर गेलेली हवा परत आत येते. डबी मध्ये मध्ये भरत राहावी. निघालेले तेल पुन्हा ओतू नये. ते विषारी असते. थंड पेयाच्या बाटलीत ठेवून दिले आणि पोराने तोंडाला लावले, तर अनर्थ होईल. गाडीच्या रंगावर सांडले, तर लगेच पाण्याने धुवावे.

पाचवी गोष्ट पेडलाच्या मोकळेपणाची. मास्टर सिलिंडरमध्ये एक सुईएवढे भोक असते. पेडल पूर्ण वर आले की वाटी ह्या भोकामागे जाते, आणि तेल डबीत मोकळे ये-जा करू शकते. पेडलाला वर जरासा मोकळा खेळ नसेल, तर भोक झाकलेलेच राहते. तेल आत कोंडते, तापून वाढते आणि पेडलावर पाय नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. मग चकती घसरते आणि जळते.

सहावी गोष्ट ड्रायव्हरची. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवणे, किंवा चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे, ही सवय सोडावी.

आणि शेवटची गोष्ट मिस्त्री मंडळींसाठी. क्लच उघडल्यावर आतली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या अस्तरांत अस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात बसली तर वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने उठते. ओल्या फडक्याने पुसा, आणि हाताखालच्या पोरालाही तसेच शिकवा.

आता वरंधा घाटाकडे परत जाऊ. आमच्यामागून एक मालट्रक आला. त्याचा म्हातारा ड्रायव्हर उतरला. त्याने वास घेतला, पेडल हाताने हलवून पाहिले आणि विचारले, "पोरा, डबीत काय ओतलंस?" उत्तर ऐकून तो काही बोलला नाही. पाना घेऊन गाडीखाली शिरला आणि स्लेव्हचा निपल पाव फेरा उघडला. तेलाची बारीक चिळकांडी उडाली. कोंडलेला दाब सुटला. "आता क्लच धरील. जितका कमी दाबशील तितकं बरं," एवढे सांगून तो आपल्या वाटेने गेला. आम्ही भोरला पोहोचलो. तिथल्या मिस्त्रीने मास्टर उघडून वाटी माझ्या तळहातावर ठेवली. भिजवलेल्या हरभऱ्यासारखी ती फुगली होती. त्या सुईएवढ्या भोकावरच बसली होती. सगळी व्यवस्था धुऊन, वाट्या बदलून, नवे तेल घालायला त्याला संध्याकाळ झाली. ड्रायव्हरच्या मनात वाईट काही नव्हते. तेल म्हणजे तेल, एवढेच त्याला कोणी तरी शिकवले होते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. पास्कलने आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, मार्च १६६२ मध्ये, पॅरिस शहरात एक उद्योग सुरू केला. ठरलेला मार्ग, ठरलेल्या वेळा आणि पाच सू भाडे. गाडी भरो वा न भरो, वेळ झाली की घोडे निघायचे. ज्याच्या सिद्धांतावर आज बसचा क्लच चालतो, त्यानेच शहरातल्या सार्वजनिक गाडीचाही पहिला प्रयोग करून ठेवला होता. त्याच्या त्या गाडीला क्लच नव्हता, तेल नव्हते. पण गाडीत बसणाऱ्याने निर्धास्त असावे ही अपेक्षा तेव्हाही होती आणि आजही आहे. तेव्हा ह्या आठवड्यात एकदा बॉनेट उघडा, क्लचची डबी पाहा, आणि झाकणावर काय लिहिले आहे ते वाचा.